इनासला भेटायचा झगा

नातालीन गेल्याची बातमी मला कुणी आणून दिली नाही. ती मीच गावाला दिली. सकाळी इगर्जीत जाऊन पाद्रींना सांगितलं, घंटा वाजायला लागली, मग तिठ्यावरच्या दुकानात सांगितलं, मग शेजारच्या सुलूवहिनींच्या खळ्यात उभा राहून सांगितलं. आणि जिथे जिथे सांगितलं तिथे मला एकच उत्तर मिळालं. "आंतोन, रडू नको रे. ती सरळ सर्गात गेली." हिंदू असो, किरिस्तांव असो, प्रत्येकजण तेच. अरे, ती सर्गात गेली हे मला का ठाऊक नाही? माझ्याइतकं ते कुणाला ठाऊक असणार? माझं दुखणं वेगळंच होतं आणि ते त्या दिवशी मला कुणापुढे काढता येईना. सर्गात इनास आहे. इनास, तिचा पहिला नवरा. माझी बायको सोळा-सतरा वर्षं माझ्याबरोबर राहून, माझ्या हातची पेज पिऊन, माझ्या खाटेवरून उठून सरळ त्याच्याकडे गेली, आणि गाव मला सांगतंय, रडू नको...

तुम्ही म्हणाल, बायको जाऊन थोडे आठवडे झाले आणि हा माणूस मेलेल्याचा मत्सर करत बसलाय. करतो. लग्न झालं त्या दिवसापासून करतोय, आता कशाला लपवू? मेलेल्या माणसाशी बरोबरी करून बघा एकदा, म्हणजे कळेल. इनास तापाने गेला तेव्हा पंचविशीचाही नव्हता. लग्नाला वर्ष पुरं व्हायचं होतं. इगर्जीत व्हायोलिन वाजवायचा, गालाला खळी पडायची, आणि अजूनही गावातल्या म्हाताऱ्या त्याचं नाव निघालं की डोळ्याला पदर लावतात. त्याचे केस कधी गळले नाहीत. त्याने कधी आमटीत मीठ कमी म्हणून वाटी सरकवली नाही. तो घोरला असेल तर ते आठवणारं कुणी उरलं नाही. मी मात्र तिच्या डोळ्यांदेखत रोज थोडा थोडा टकला, थोडा थोडा चिडका होत होतो. यात माझा काय निभाव लागणार?

ती मला पहिल्यांदा भेटली तीही त्याच्याच निमित्ताने. बावन्न सालच्या आसपासची गोष्ट. मालवणच्या उत्तरेला खाडीच्या तोंडावरचं आमचं गाव, आणि रस्त्याला लागून माझ्या पडवीत माझी शिलाई मशीन. इनासच्या आईने तिला दुखवट्याचा काळा कपडा शिवायला माझ्याकडे आणली. माहेर आरोंद्याचं, नाताळच्या आठवड्यात जन्मली म्हणून नाव नातालीन. अंगाने ही एवढीशी. खांद्याचं हाड टेपला टोचत होतं. मी मापं घेता घेता दोन सांत्वनाचे शब्द बोलायला गेलो, पण तोंडात टाचण्या धरलेल्या होत्या हे विसरलो. शब्दाऐवजी टाचणी बाहेर पडली, ती नेमकी माझ्याच पायावर, आणि मी ओरडलो. ही बाई हसली हो! काळा कपडा शिवायला आलेली विधवा माझ्या पडवीत खळखळून हसली. सासूने डोळे वटारले. तर ही म्हणते कशी, "आई, इनास असतो तर तोय हसलो असतो." म्हणजे बघा, पहिल्याच भेटीत तो आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला. तिथून तो कधी हललाच नाही.

वर्ष सरल्यावर सासूनेच आमचं जमवलं. बाई मनाने मोठी होती, म्हणाली, पोरीचं आयुष्य पडलंय. लग्न झालं, आणि पहिल्याच संध्याकाळी आम्ही क्रुसापुढे गुडघे टेकून तेर्स म्हणायला बसलो. तेर्स म्हणजे आमची माळेवरची प्रार्थना, रोज दिवेलागणीला घरोघर होते. माळ संपली, मी उठायला लागलो, तर ही म्हणाली, "रव. आता एक 'आमच्या बापा' इनासाच्या आत्म्याक." मी म्हटलं, ठीक आहे, पहिला दिवस आहे, जुनी ओळख आहे, म्हणूया. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. एकदा मी वैतागून विचारलं, "तो अजून सुटूक नाय? काय पापां तरी केल्यान होती इतकी?" आमच्यात असं मानतात की माणूस मेल्यावर सर्गात शिरण्याआधी त्याला काही काळ शुद्ध व्हावं लागतं, आणि मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनेने तो लवकर सुटतो. माझा हिशेब सरळ होता, एकदा इनास सुटला की प्रार्थना बंद. ती म्हणाली, "सुटलो असात तर ती दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडात. प्रार्थना खंय वाया जाता, मेल्या?" आणि हसली. तिच्याशी वाद घालून काही हाती लागत नसे, कारण प्रत्येक वादाच्या शेवटी ती हसायची.

त्या हसण्याबद्दल मला सांगितलंच पाहिजे. ती हसतमुख होती म्हणजे गोड गोड बोलणारी होती असं नव्हे. भांडायची, मासे विकणाऱ्या बायकांशी तर कंबर कसून भांडायची, माझ्या बहिणीशी एकदा सहा महिने बोलत नव्हती. पण आतून तिचं सगळं ठरलेलं होतं. आपण इथे थोडे दिवस आलोय, खरं घर वर आहे, तिथे आपल्याला बोलावलेलं आहे, हे तिला असं ठाऊक होतं जसं मला माझ्या कात्रीचं टोक ठाऊक आहे. म्हणून तिला कशाची घाई नव्हती आणि कशाची धास्ती नव्हती. उपासाच्या चाळीस दिवसांत मासळीला शिवायची नाही, तेही हसत, आणि ईस्टरच्या दिवशी उपास सुटला की डुकराच्या सोरपोतेलावर अशी तुटून पडायची की बघणाऱ्याला भूक लागावी. विहिरीवर पाणी काढताना गाणी म्हणायची. नाताळला गुळा-नारळाचा दोदोल ढवळताना शेजारच्या पोरांना गोळा करून सांगायची, "सर्गात ह्याच्यापेक्षा बरो मेळता, पण तवसर ह्यो खावा." आणि मी मशीनवर दोरा तुटला म्हणून ओरडत असायचो. मूल आम्हाला झालं नाही. मी त्यापायी तोंड पाडून बसलो, ती नाही. मला वाटायचं, हिच्या आनंदाचं कारण एकदा तरी मी असावं. एकदा तरी हिने मी आहे म्हणून हसावं. पण ती तर मी नसतानाही तितकीच हसत होती!

आता झग्याची गोष्ट. आमच्या लग्नाला वर्ष झालं असेल नसेल, तेव्हा तिची मावशी गोव्याहून आरोंद्याला आली आणि पांढरंशुभ्र परदेशी कापड घेऊन आली. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते. हद्दीवर इन्सुलीच्या नाक्यावर जकातवाले पेट्या उघडून बघत, म्हणून या बाईने ते सगळं कापड अंगाला गुंडाळलं आणि होडीतून खाडी ओलांडून आली. आरोंद्याला उतरली तेव्हा चांगली गुटगुटीत होती आणि परत गेली तेव्हा सुकट झाली होती, असं नातालीन सांगायची. ते कापड माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "माका पायापर्यंत झगो शिव. बरो शिव हां, घाई करू नको." घाई? त्या कापडावर मी घाई करीन? हात फिरवला की पाण्यावरून फिरवल्यासारखं वाटे. गिऱ्हाइकांचे सदरे बाजूला ठेवले. मान थोडी उंच घेतली, बाह्या मनगटापर्यंत, छातीवर बारीक चुण्या, आणि त्या चुण्या हाताने घातल्या, मशीनवर नाही. मी मनात म्हणत होतो, फेस्ताच्या, म्हणजे इगर्जीच्या सणाच्या दिवशी ही घालून जाईल, सगळ्यांच्या माना वळतील आणि विचारतील, कुणी शिवला गो? आणि ही सांगेल, माझ्या नवऱ्याने. झालं, एकदाचा तयार झाला. तिने घातला, आरशात बघितलं, माझा हात हातात घेऊन दाबला, आणि झगा घडी घालून डांबरगोळ्यांसकट पेटीत ठेवून दिला.

"फेस्ताक घालशीत मा?" मी विचारलं.

"फेस्ताक? ह्यो माझो जाण्याचो झगो."

"खंय जाण्याचो?"

तिने बोट वर केलं. मी वर बघितलं. कौलं दिसली. मग डोक्यात प्रकाश पडला आणि माझं अंग असं तापलं की काय सांगू. तरणीताठी बाई, लग्नाला वर्ष नाही, आणि मरणाचा कपडा शिवून घेते? तर हिचं म्हणणं, बाजाराला जाताना मी पातळ बदलते, मग देवाकडे काय मळक्या कपड्याने जाऊ? जाण्याचा दिवस काही आपण ठरवत नाही, मग कपडा तरी तयार असू दे. मी म्हटलं, "देवाकडे काय इनासाकडे?" रागाच्या भरात तोंडातून गेलं. ती म्हणाली, "दोघांयकडे. इनास वाटेतच उभो आसतलो." आणि हसली! म्हणजे मी, आंतोन शिंप्याने, स्वतःच्या हाताने, एक एक चुणी मोजून मापून, आपल्या बायकोला दुसऱ्या पुरुषाला भेटायला जायचा झगा शिवून दिला होता. असं कधी कुठल्या शिंप्याच्या नशिबी आलं असेल काय? त्या दिवशी मी जेवलो नाही. ती माझ्या वाटणीचा बांगडाही खाऊन मोकळी झाली.

आमचा मृतांचा दिवस नोव्हेंबरच्या सुरुवातीला येतो. त्यानंतरचं पहिलं कडक ऊन बघून ती दरवर्षी तो झगा पेटीतून काढायची आणि खळ्यातल्या दोरीवर वाळत घालायची. भर दिवसा, रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असा. सुलूवहिनी कुंपणापलीकडून ओरडायच्या, "अगो नातालीन, अभद्र काय वाळत घालतंस!" ही म्हणायची, "वहिनी, तुमच्या पेटीत हिरवा लुगडा कोणासाठी ठेवलास ता माका ठाऊक नाय काय?" वहिनी दोन्ही हात तोंडावर घेऊन हसायच्या, कारण सवाशीण जायचं त्यांच्याही मनात होतंच की. फक्त त्यांची पेटी बंद असे आणि हिची उघडी. संध्याकाळी झगा उतरवला की अंगात घालून बघायची, आणि मग माझं काम सुरू. कारण माझ्या घरी आल्यापासून ही बाई भरत चालली होती. माझ्याकडे आली तेव्हाची ती काडी कुठल्या कुठे गेली. भात, खोबरं, मासळी आणि ते हसणं, सगळं अंगी लागत होतं. दरवर्षी झगा कुशीत अडायचा. "उसव रे. सर्गाच्या दारात टरकन फाटलो तर थंयचो राखणदार सांत पेद्रू काय म्हणतलो?" मी दात-ओठ खात शिवण उसवायचो. कुशीत कापड दाबून ठेवतात, आम्ही शिंपी त्याला माया म्हणतो, ती मी भरपूर ठेवली होती, पण तीही संपली. तोवर गोव्याची हद्द बंद झालेली. तसलं कापड मिळेना. मग मी गिरणीच्या पॉपलीनची पट्टी दोन्ही कुशींना घातली. गोव्याचं पांढरं वेगळं, गिरणीचं पांढरं वेगळं, लांबून दिसायचं. मला लाज वाटली. पुढे गोवा मोकळा झाला, कापड मिळालं, तर आता मूळ झगाच पिवळट पडलेला, आणि नवीन पट्टी आणखी वेगळी दिसायला लागली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम पट्टेरी होऊन बसलं! ती आरशापुढे गिरकी घेऊन म्हणायची, "सर्गात असली फॅशन कोणाकडे नसतली." आणि मी टाचण्या गोळा करता करता मनात म्हणायचो, हसशील. तुला काय. तिकडे तो गालाला खळी पाडून उभा असेल, आणि त्याच्यापुढे तुला चांगली दाखवायला मी इकडे गुडघ्यावर बसून शिवणी उसवतोय.

एका रविवारी पाद्रींनी प्रवचनात सांगितलं की सर्गात कुणी कुणाचा नवरा नाही आणि कुणी कुणाची बायको नाही, सगळे देवदूतांसारखे राहतात. मी बाकावर ताठ बसलो. वा! म्हणजे इनासला तिथे काही हक्क नाही. त्या दिवशीचं दान मी जरा सढळ हाताने टाकलं. पण इगर्जीच्या दारापर्यंत पोचलो आणि लक्षात आलं, इनासला हक्क नाही म्हणजे मलाही नाही. मग एवढी वर्षं मी काय केलं? तसाच मागे फिरलो. पाद्री आपल्या ओसरीवर पेज पीत बसले होते. त्यांना स्पष्ट विचारलं, "पाद्री, तिचे दोन नवरे. थंय ती कोणाची?" पाद्री समजुतीने म्हणाले, "आंतोन, तू उगाच जीवाला लावून घेतोस. सर्गात मत्सर नसतो."

"मग मी थंय कसो आसतलंय?" मी म्हटलं.

त्यांना हसताना ठसका लागला, पेज नाकात गेली, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं. मी मात्र थट्टा करत नव्हतो. माझ्यातून मत्सर काढला तर मागे उरणारा माणूस कोण, मला तर तो ओळखीचा वाटत नाही. घरी आलो तर ही परसात बसून मुडदुशे मासे साफ करत होती. तिलाच विचारलं, "खराच सांग. थंय तू कोणाची?" तिने मान वर न करता सांगितलं, "तू पयलो पोच तरी." एवढंच. हेच माझ्या जिवाला लागून राहिलं. आपण इथे कितीही वर्षं संसार केला तरी तो मधल्या मुक्कामाचा, आणि खऱ्या घरी ती ज्याची आहे त्याची आहे...

गावात कुणी शेवटच्या घटका मोजायला लागलं की नातालीनला बोलावणं यायचं. ती जवळ बसायची, पाणी पाजायची, आणि त्यांच्याशी गप्पा मारायची, एखाद्या लग्नाला निघालेल्या माणसाशी माराव्यात तशा. घरचे रडत असायचे आणि आत तो आजारी माणूस हसत असायचा. आणि जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर ती इनासला निरोप पाठवायची! हे मला बाहेरून कळलं. कुणीतरी तिठ्यावर चेष्टा केली, "आंतोन, तुझे बायलेचो टपाल बरो चालता." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मग म्हातारा जाकू, माडावर चढणारा, अंथरुणाला खिळला तेव्हा मी ठरवून तिच्या मागोमाग गेलो आणि त्याच्या खिडकीबाहेर उभा राहिलो. म्हटलं, ऐकूया तरी काय प्रेमाचे निरोप जातात. आत ती सांगत होती, "जाकूबाब, इनासाक सांगा, नातालीन बरी आसा. आनी सांगा, माझो आंतोन तापट आसा, तोंडान फाटको आसा, पण हात बरो आसा तेचो, आनी मनान वायट नाय. तो येतलो तेव्हा तू दारात रव, तेच्यासाठी दोन शब्द घाल."

जाकू धापा टाकत होता, तरी त्याने विचारलं, "आनी इनासान नाय म्हटल्यान तर?"

"नाय कित्या म्हणात? तो काय आंतोन आसा?"

दोघंही हसली. तो मरणारा माणूसही हसला! मी खिडकीबाहेर शेणाच्या गोवऱ्यांच्या ढिगाला टेकून उभा, आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. मला वाटलं होतं ती त्याला आपली आठवण पाठवत असेल. ते मी सोसलं असतं, कारण ते मी धरूनच चाललो होतो. पण इथे तर निराळंच! म्हणजे सर्गात शिरायला मला इनासचा वशिला लागणार? आयुष्यभर ज्याच्या नावाने जळलो, त्याच्या पाठीमागून टोपी हातात घेऊन आत जायचं? घरी आल्यावर मी ताट बाजूला सारून म्हणालो, "माका तुझ्या इनासाची शिफारस नको." तिला कळलं मी ऐकलं ते. "बरां," ती म्हणाली, "मगे सोताच्या गुणांवर जा," आणि तिला इतकं हसू आलं की चुलीपुढे बसावं लागलं. मी पुष्कळ ओरडलो त्या दिवशी. पण खरं सांगू? तोवर मला ठाऊकच नव्हतं की वर माझंही नाव कुणाच्या कानावर घातलं जातंय.

गेल्या पावसाळ्यात तिच्या पोटात दुखायला लागलं. आधी आलं-लिंबू झालं, मग मालवणला डॉक्टर झाले. डॉक्टर तिच्याशी बोलले आणि माझ्याशी बोलताना टेबलाकडे बघत राहिले, तेव्हाच मी समजलो. तीही समजली. परत येताना गाडीत ती बाहेर बघत होती आणि मध्येच म्हणाली, "कोंबड्यो सुलूवहिनींक देवया, तू तेंका उपाशी मारशीत." हसली तशीच. फक्त अन्न जाईना. जी बाई ईस्टरला सोरपोतेलावर तुटून पडायची तिला वाटीभर पेज जड व्हायला लागली. मी चमचा धरून बसायचो. एकदा पेज उलटली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती म्हणाली, "जाऊक बरा वाटता रे, पण ह्या असा, थोडा थोडा..." आणि तिने तोंड भिंतीकडे केलं. मी भांडं विसळायला उठलो.

दसरा झाला, पाऊस गेला, पडवीत ऊन आलं. एका दुपारी ती म्हणाली, "झगो काढ." मी म्हटलं, अजून नोव्हेंबर लागायचा आहे. ती म्हणाली, "काढ रे." मी काढला. सुलूवहिनींनी आणि मी मिळून तिला उभी केली, झगा अंगात घातला आणि तिला माझ्या कामाच्या बाकावर बसवलं. वहिनी डोळे पुसत निघून गेल्या. मी समोर उभा राहून बघितलं. खांद्यावरून झगा ओघळत होता, कुशीत इतका ढगळ की आत आणखी एक माणूस मावलं असतं. आणि त्यातून वर आलेला तो गळा, ते खांद्याचं हाड... काळा कपडा शिवायला आली होती तीच मुलगी हो! इनासची बायको. मधली सगळी वर्षं, तो भात, ती मासळी, माझं ओरडणं, सगळं कुणीतरी कातरून फेकून दिलं होतं, आणि जशी आली तशी ती परत त्याच्याकडे निघाली होती. मी टाचण्या घेतल्या, खडू घेतला, आणि शिंप्याच्या आवाजात म्हटलं, "कुशीत आत घेतंय. दोन्ही पट्ट्यो निघतल्यो. मूळ मापार येतलो."

तिने माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता, तरी धरलं. "पट्ट्यो काढू नको."

"ढिलो दिसता."

"दिसांदी."

मग माझा तोल गेला. आजारी माणसापुढे बोलू नये ते मी बोललो. "कित्या? तेका तू अशीच ठाऊक आसस. बारीक. तेणा तुका अशीच बघल्यान. अशीच जा तेच्याकडे, मापाचो झगो घालून. माझ्या पट्ट्यो कित्याक व्हयो?"

ती हसली नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा वादाच्या शेवटी ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली, आणि श्वास घेत घेत बोलली. "तेका वळखूक झगो नको. तो माका अशीच वळखात. पण तुका मी जाडी ठाऊक आसंय... तू येतलंस तेव्हा थंय गर्दी आसतली. तू माणसाच्या तोंडाकडे खंय बघतंस? तुझो डोळो आधी शिवणीर जाता, माका ठाऊक आसा. आपली शिवण बघ, पट्टी बघ, आनी सरळ माझ्याकडे ये. दुसऱ्या कोणाक इचारत रवू नको."

मग म्हणाली, "इनासाकय नको."

मी टाचण्या डबीत टाकल्या. डबीचं झाकण काही केल्या लागेना. तिने ते घेतलं, लावलं, आणि मग हसली. मी तिथेच तिच्या पायाशी बसून राहिलो, आणि त्या दुपारी गिऱ्हाईक आलं त्याला मी वर न बघताच उद्या ये म्हणून घालवलं.

त्यानंतर ती थोडेच दिवस होती. सकाळी गेली, पाद्री आदल्या दिवशी येऊन पवित्र तेल लावून, प्रार्थना म्हणून गेले होते. बायका तिला तयार करायला आत गेल्या. सुलूवहिनी बाहेर येऊन हळूच मला म्हणाल्या, "बाबा, झगो खूप ढिलो आसा. मागसून दोन टाचण्यो लावूया काय? नीट दिसात."

"टाचणी लावूची नाय!" मी अंगणभर ऐकू जाईल असा ओरडलो. पाद्रींनी वळून बघितलं. बघू दे. इतका चांगला शिंपी आणि बायकोला असला बेमापी कपडा घालून पाठवतो, असं पुष्कळांच्या मनात आलं असेल. मी कुणाला काही सांगत बसलो नाही. तुम्हाला आज सांगतोय.

परवा मृतांचा दिवस झाला. मी सिमितेरात गेलो. नातालीनच्या मातीवर अजून गवत उगवलेलं नाही. तिथे मोठी मेणबत्ती लावली, पुष्कळ वेळ उभा राहिलो, आणि मग निघालो. निघालो तर भिंतीजवळ इनासचा क्रूस. त्याची आई केव्हाच गेली, आणि दरवर्षी त्याच्याकडे बघणारी ती आता इकडे मातीत. दुसरं कुणी येणारं नव्हतं. बाकी सगळ्या थडग्यांवर उजेड आणि त्याच्यावर काळोख. म्हटलं, छे, हे काही बरं दिसत नाही. खिशात एक तुकडा होता तो लावला. लहानच लावला. मला काही एवढ्यात देवदूत व्हायचं नाही.

आजूबाजूला लोक होते म्हणून आवाज खाली केला आणि त्याच्याशी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. म्हटलं, "इनास, ती येऊन पोचली असतली. झगो ढिलो दिसतलो तुका. ढिलो नाय तो. मापाचो आसा. हात लावू नको."